सांगणारा कुठे उभा होता

आमच्या सरांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण या अंकात त्यांच्या आठवणींचे जे बाकीचे लेख येतील त्यांत ते देवमाणूस होते असंच लिहिलेलं असणार, आणि ते वाचून डोळे पुसून झाल्यावर माझं कोणी ऐकून घेणार नाही.

माझं सुलतान बाजारात साड्यांचं दुकान आहे. ते मला कोणी आंदण दिलेलं नाही. फॉल-पिकोच्या एका मशीनपासून मी ते उभं केलं. घासाघीस हा माझा धंदा, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही तोच. मी पायरी चढले की ठोक व्यापारी आधी चहा सांगतात, कारण ही बाई आता लवकर उठत नाही हे त्यांना ठाऊक असतं. मला राग पटकन येतो, हेही त्यांना ठाऊक असतं. सौद्यात मी आजवर एकाच माणसाशी हरले. तो माणूस म्हणजे आमचे हे सर, माझे पहिले घरमालक. आणि मी हरले आहे हे कळायलाच मला फार वर्षं लागली.

नारायणगुड्यात त्यांचं बैठं घर होतं आणि रस्त्याच्या अंगाला एक मोकळी खोली. सर शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मी आणि माझी भागीदारीण निर्मला, आम्ही मशीन ठेवायला जागा शोधत होतो. त्यांनी भाडं सांगितलं. मी सरळ निम्मं बोलले. आता हा माणूस वर चढेल, मग मी थोडी चढेन, मग रागावून निघून जायचं नाटक करेन, सगळी तयारी होती. तर हे म्हणाले, "मंजूर."

मला बरं वाटेना. एवढ्या झटकन मंजूर म्हणणारा एकतर खुळा असतो, नाहीतर मालात खोट असते. मी भिंतीला हात लावून ओल बघू लागले.

"ओल नाही," सर म्हणाले. "पण एक शर्त आहे, शेठाणी. दर महिन्याला भाड्यासोबत एक गोष्ट द्यायची. स्वतःवर गुजरलेली. एक महिना तुम्ही, एक महिना या बाई."

"गोष्ट म्हणजे कसली?"

"बाजारात काय झालं, कोणाशी भांडलात, कोण रडलं. बयान द्यायचं. बस्स."

मी निर्मलाच्या कानाशी लागले. "बोलायला काय पैसे पडतात? हो म्हण." तिने हो म्हटलं. बाहेर पडल्यावर आम्ही दोघी रस्त्यात हसलो. मी जास्त हसले.

पहिल्या महिन्याला गोष्ट द्यायला मी गेले. त्यांच्या बैठकीत तीनच बसायच्या जागा होत्या: एक आरामखुर्ची, एक लाकडी स्टूल आणि दाराजवळ एक पाट. मला त्यांनी आरामखुर्चीत बसवलं आणि स्वतः खिडकीला टेकून उभे राहिले. मग चष्मा काढून खिशात ठेवला. ऐकताना ते चष्मा काढायचे. म्हणायचे, "डोळे मधेमधे बोलतात." मी एका ठोकवाल्याची हकिगत सांगितली. त्याने मला रंग उडालेल्या साड्या गळ्यात मारल्या होत्या आणि मी त्या त्याच्या गादीवर फेकून आले होते. चांगली रंगवून सांगितली. झाल्यावर शाबासकी मिळेल म्हणून थांबले.

"आता उठा," सर म्हणाले. "स्टुलावर बसा. तुम्ही आता तो ठोकवाला. करा बयान."

"मी कशाला त्याची बाजू मांडू? मी काय त्याची वकील आहे?"

"वकील नक्को. तोच व्हा. आणि त्याला जे माहीत नव्हतं ते बोलायचं नाही."

मी चिडून बसले आणि चिडूनच सांगू लागले. सांगतासांगता माझ्याच तोंडून निघालं की, ही बाई आली तेव्हा माझी बोहनी व्हायची होती, आत मुनीम बसला होता, आणि त्याच्यासमोर तिने माल तोंडावर फेकला. मग त्यांनी मला पाटावर बसवलं. पाटावरचा माणूस म्हणजे गठ्ठे उचलणारा हमाल, ज्याने नुसतं पाहिलं. त्याला तर साड्या खराब होत्या हेही माहीत नव्हतं. त्याला दिसलं एवढंच, की एक बाई ओरडते आहे आणि एक शेठ खाली बघतो आहे.

"पाहिलंत?" सर म्हणाले. "हकिगत एकच. जागा बदलली की गुन्हेगार बदलतो."

त्यांचे वडील वकील होते. लहानपणी ओसरीवर बसून यांनी पक्षकारांच्या साक्षी ऐकल्या होत्या, आणि शिकले होते ते इतकंच, की साक्षीदाराने स्वतः पाहिलं तेवढंच सांगायचं. ऐकीव चालत नाही, मनचं चालत नाही. गोष्टीलाही त्यांनी तोच कायदा लावला. कोणी काहीही सांगू लागलं की त्यांचा पहिला सवाल ठरलेला: "सांगणारा कुठे उभा होता?" पेपरातली अपघाताची बातमी वाचली तरी बोट ठेवून विचारायचे, "हा कुठे उभा होता? ड्रायव्हर दारू प्यालेला होता म्हणतो. याने वास घेतला का?"

लोक त्यांना सर्किट म्हणायचे. होतेच. गल्लीतली तेलुगू मंडळी त्यांना पंतुलुगारू, म्हणजे मास्तरसाहेब, म्हणायची आणि पाठीमागे कपाळाला हात लावायची. एका लग्नात ते आधी मुलीकडच्यांच्या पंगतीत जेवले आणि मग मुलाकडच्यांच्या. लोकांना वाटलं म्हातारा हावरट आहे. मला म्हणाले, "शेठाणी, एकाच मांडवात दोन लग्नं चालली होती. इकडे मुलगी जात होती, तिकडे मुलगी येत होती. जिलेबीसुद्धा निराळी लागली."

भाजीवाल्या मल्लम्माला तर त्यांनी जीव नको केला होता. चार वांगी घ्यायची आणि विचारायचं, "मल्लम्मा, आज घर जाके मेरे बारे में क्या बोलोगी?"

"क्या बोलना पंतुलुगारू," ती म्हणायची, "चार बैंगन के वास्ते चालीस सवाल पूछा बोलूंगी."

सर खूश. तिथल्या तिथे मला म्हणायचे, "बघा, माझ्या गोष्टीत मी विद्वान. तिच्या गोष्टीत मी चार वांगी."

खरं सांगायचं तर या खुर्च्यांच्या खेळाचा मला धंद्यात फायदा झाला. सौद्याला जाण्याआधी मी मनातल्या मनात समोरच्याच्या स्टुलावर बसू लागले. त्याचा माल किती दिवस पडून आहे, त्याला आज कोणाला तोंड दाखवायचं आहे, तिथून सगळं दिसतं. माझ्यासारख्या बाईच्या हाती त्यांनी असली विद्या दिली आणि बदल्यात फक्त गोष्टी घेतल्या. म्हणून तर मी गाफील राहिले. फुकट देणाऱ्यावर नजर ठेवायची असते, हे मी सगळ्यांना सांगते. मीच विसरले.

रविवारी संध्याकाळी शाळेच्या एका खोलीत ते गोष्टींचा वर्ग घ्यायचे. इथल्या जुन्या मराठी घरांतले लोक यायचे आणि पुण्या-मुंबईहून आलेली कंप्युटरवाली मुलं. त्यांतल्या निम्म्यांना मराठी वाचताना बोट धरून चालवावं लागे. एकदा एका मुलाने कुत्र्याच्या तोंडून गोष्ट लिहून आणली. त्यात कुत्रा सांगतो की माझ्या मालकाचं अप्रेझल वाईट झालं म्हणून तो आज उदास आहे.

"थांबा," सर म्हणाले. "कुत्र्याला हे कोणी सांगितलं?"

"सर, तो फील करतो ना."

"करू दे फील. पण अप्रेझल त्याला कळणार नाही. त्याला काय कळेल? मालक आला. बूट काढले नाहीत. पट्टा खुंटीवरच राहिला. मी दाराशी उभाच राहिलो. एवढंच. अप्रेझल काढून टाका."

त्या मुलाने तिथेच बसून तेवढं खोडलं आणि पुन्हा वाचलं. मला कुत्री आवडत नाहीत, तरी मी त्याला ते परत एकदा वाचायला लावलं. जे माहीत नाही त्याच्यामुळे गोष्ट बोलते, ही त्यांची अक्कल. तीच त्यांनी पुढे माझ्यावर चालवली.

आता निर्मला. निर्मला माझ्या उलट. आवाज चढलेला मी तिचा ऐकला नाही. गिऱ्हाईक आलं की मी भाव वर लावून ठेवायची, म्हणजे उतरायला जागा राहते. आणि ही पहिल्या दमात खरा भाव सांगून बसायची. "त्या बाईचा चेहरा दमलेला होता गं," म्हणायची. मी म्हणायची, "मग तिला पाणी दे, साडी कशाला देतेस?" पण रंगाला रंग लावायला तिच्यासारखी नजर बाजारात नव्हती, आणि माझ्या फटकळपणाने उठलेलं गिऱ्हाईक ती दोन शब्दांत परत बसवायची. आम्ही दोघी मिळून एक दुकानदार होतो. सरांच्या खोलीतून सुलतान बाजारात दुकान घेतलं तेव्हाही गोष्टीची शर्त आम्ही चालू ठेवली. भाडं संपलं तरी सवय संपली नव्हती. मी माझ्या सवडीने जायची, ती तिच्या.

दुकान छोटं. रस्त्यापासून दोन पायऱ्या वर. आत गादी. मी आतल्या बाजूला गल्ल्याशी, निर्मला दाराशी. गादीवर बसल्याबसल्या हात पुरावा म्हणून तिने आपल्यासाठी एक खुंटी मुद्दाम खाली मारून घेतली होती. तिची पिशवी तिथे असायची. आणि शटर! ते मेलं इतकं जड होतं की एकटीने उचलायला गेलं तर अर्ध्यावर अडकायचं. सकाळी ती एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, "हं" म्हणायचं आणि वर. रोज. हे मी मुद्दाम सांगते आहे. लक्षात ठेवा.

एकदा लग्नसराईत एक मोठं गिऱ्हाईक मी बरोबर भावावर आणलं होतं. बाई पर्स उघडत होती. तेवढ्यात निर्मला मागून म्हणाली, "ताई, याच्यात अजून कमी होईल." मला जो राग आला तो आला. गिऱ्हाइकासमोरच म्हणाले, "तुला दुकानात बसायची अक्कल नाही. घरी जाऊन पोळ्या लाट." माझा राग दुधासारखा आहे, वर येतो आणि खाली जातो. निर्मलाला हे माहीत होतं. इतक्या वर्षांत तिने तो शंभरदा पाहिला होता. पण त्या दिवशी तिने मोजायची पट्टी गादीवर ठेवली, पिशवी काढली आणि पायऱ्या उतरली. ती परत आली नाही. मी निरोप पाठवला, उत्तर नाही. फोन उचलला नाही. मग मीही ठरवलं, मी का जाऊ? भागीदारीण होती, तिला टाकून जायचा हक्क नव्हता.

सरांकडे त्या महिन्याची माझी गोष्ट हीच होती. आरामखुर्चीत बसून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळचंही सांगितलं. एकटीने शटर अर्ध्यावर नेलं, तिथे ते अडकलं. मी निर्मलाच्या जागी दाराशी जाऊन बसले, कारण तिथून रस्ता दिसतो. निर्मलाची बस थांबते ती उजवी बाजू बघत बसले. एक ओळखीची गिऱ्हाईक वाकून आत आली आणि म्हणाली, "क्या आपा, आज दुकान आधी, तो भाव भी आधा?" मला हसू आलं. मग दुपारपर्यंत रस्ता बघितला आणि नाद सोडला.

सरांनी चष्मा खिशात ठेवलेलाच होता. मग म्हणाले, "स्टुलावर बसा."

"नाही."

"शेठाणी, शर्त आहे."

"शर्त गेली खड्ड्यात. निर्मलाच्या जागी मी बसणार नाही. तिचं तिला सांगू दे. येऊन सांगू दे."

पहिल्यांदाच त्यांनी हट्ट केला नाही. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याला माझी दया आली.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. रस्त्यावर मेट्रोचे खांब आले, धूळ बसली, दुकान मोठं झालं, शटरला मोटर आली. निर्मला सिकंदराबादला मुलाकडे राहते असं कानावर आलं. जवळच आहे, पण कोणी परदेशी गेल्यासारखी वर्षं गेली. आणि एका दिवाळीत याच मासिकाच्या अंकात सरांची गोष्ट छापून आली.

मी ती दुकानात, गादीवर बसून वाचली. गोष्ट सांगणारी एक बाई आहे. नाव वेगळं. ती भागीदारणीशी भांडून घरी गेली आहे. रात्रभर विचार करून सकाळी ठरवते, जाऊ दे, दूध उतू गेलं, आता निवलं असेल. देवळाच्या बोळातून, म्हणजे डावीकडून, दुकानाशी येते. शटर अर्धं आहे. खालून गादी दिसते. तिच्या जागी दुसरी बसली आहे. चेहरा दिसत नाही, शटरने कापला आहे. हात दिसतो, तो तिच्या लोडावर रेलला आहे. तिच्या खुंटीवर वर्तमानपत्रात बांधलेलं एक पार्सल लटकतं आहे. आतून हसण्याचा आवाज येतो. बाई थोडा वेळ उभी राहते. आपली जागा, आपला लोड, आपली खुंटी, सगळं एका रात्रीत भरून निघालं, असं तिला दिसतं. ती वळते. संपलं.

गोष्ट उत्तम होती. धंद्यातली बाई आहे, चांगल्या मालाला वाईट म्हणत नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. वर्गातले लोक म्हणायचे, काय गोष्ट आहे, त्या आतल्या बाईचा असा राग आला! आतली बाई म्हणजे मी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी "हो ना" म्हणत होते आणि माझे कान जळत होते.

मेट्रो पकडून मी नारायणगुड्याला गेले. सर आता थकले होते, पण उभेच. मी बसले नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "मी तिथे का बसले होते ते मीच तुम्हाला याच खोलीत सांगितलं होतं."

"हौ."

"मग ते का नाही लिहिलं?"

"कारण सांगणारी बाहेर उभी आहे. तिला दिसलं नाही ते मी कसं लिहू?"

"एक ओळ लिहायची! आतली रस्ता बघत होती म्हणून!"

"मग तो निकाल झाला असता, शेठाणी. वाचणारा 'अरेरे, गैरसमज' म्हणतो आणि पान उलटतो. आता तो त्या बाईबरोबर शटरबाहेर उभा राहतो. घरी जाऊ शकत नाही."

"वाचणारा राहू दे उभा. मी आत बसले होते, माझं काय?"

तेव्हा मी त्यांना त्यांच्याच कायद्यात धरलं. सौद्यात समोरच्याची मापं त्याच्याच तराजूत घालायची असतात.

"सर, साक्षीदाराने पाहिलं तेवढंच, बरोबर? मनचं घालायचं नाही?"

"बरोबर."

"मग ते पार्सल कुठून आलं? जागेचं मी सांगितलं होतं. हसण्याचं सांगितलं होतं. पार्सलचं मी तुम्हाला सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. दुकानात पार्सल होतं हे मला माहीत, आणि जो कोणी त्या सकाळी शटरखालून बघेल त्याला. सांगा, एकतर तुम्ही तुमचा कायदा मोडलात, नाहीतर ती आली होती."

सरांनी चष्मा काढला. माझं उत्तर मला मिळालं.

"कधी सांगितलं तिने?" मी विचारलं.

"तुमच्या आधी. दोन दिवस आधी येऊन गेल्या निर्मलाबाई."

म्हणजे मी आरामखुर्चीत बसून रडकुंडीला येऊन सांगत होते, तेव्हा दुसरी बाजू या माणसाच्या पोटात होती. आणि हा मला म्हणत होता, स्टुलावर बसा.

"तुम्ही तिला सांगू शकला असता. एक वाक्य. किंवा मला."

"त्या म्हणाल्या होत्या, हिला कळू देऊ नका. आणि एका साक्षीदाराची साक्ष दुसऱ्याच्या कानावर घालायची नसते. माझे वडील—"

"हे कोर्ट नव्हतं! आणि शब्द दिला होता तर छापलीत कशी? छापताना कोणाची परवानगी घेतलीत? तिला दुसऱ्याच्या कानावर घालायची नव्हती आणि तुम्ही अख्ख्या गावाच्या कानावर घातलीत. फक्त माझं बयान तेवढं वगळलंत. जगात दोन्ही बाजू ज्याच्याकडे होत्या असा एकच माणूस होता, आणि त्याने त्यातली चांगली दिसणारी तेवढी विकली."

"मला वाटलं होतं, तुम्ही त्या दिवशी स्टुलावर बसाल," ते म्हणाले. "बसला असता तर तुम्हीच तिला शटरपर्यंत आणलं असतं. तुम्हाला जमतं ते."

हे मी त्यांना कधी माफ केलं नाही, आणि आजही करत नाही. माणूस बुडताना त्याला पोहण्याचा धडा द्यायचा नसतो, हात द्यायचा असतो.

मी दाराकडे वळले तेव्हा मागून आवाज आला. "शेठाणी, त्या पार्सलमध्ये काय होतं?"

बघा म्हणजे! एवढं झाल्यावर त्यांना ते हवं होतं. डोळे लहान मुलासारखे झाले होते. मला तेव्हाच कळलं की हा माणूस वाईट नाही, याला फक्त भूक आहे, आणि भुकेपुढे याला आम्ही दोघी दिसत नाही. मी म्हटलं, "मी नाही सांगत." आणि निघाले. तेवढं एक तरी त्यांना फुकट मिळू द्यायचं नव्हतं.

नंतर त्यांनी कितीदा तरी विचारलं. माणसाकरवी विचारलं. दवाखान्यातून फोन करून विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता, पण सवाल तोच. मी म्हटलं, "आधी निर्मलाला फोन करा. तिला सांगा मी कुठे बघत होते. मग सांगते." ते म्हणाले, "बघू." एवढाच सौदा मी त्यांच्याशी नीट केला, आणि तोही पुरा झाला नाही. ते गेले. मी गेले होते घाटावर. मल्लम्माही आली होती, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच रडली.

अंकवाल्यांनी मला आठवण लिहायला सांगितली तेव्हा मी नाही म्हणणार होते. मग विचार केला, हा अंक सिकंदराबादलाही जातो. त्या घरी मराठी वाचणारी एक बाई आहे. आणि आरामखुर्ची अजून माझीच आहे.

तर निर्मला, ऐक. सरांना सांगितलं नाही ते तुला सांगते. त्या पार्सलमध्ये पेसरट्टू होता. तुझ्या त्या कोपऱ्यावरच्या गाडीवरचा, आल्याची चटणी जास्त घालून घेतलेला. मी मुगाचा डोसा तोंडात घालत नाही आणि आल्याने माझं पित्त चढतं, हे तुला माझ्या आईपेक्षा जास्त माहीत होतं. माफी मागणं मला जमत नाही, म्हणून मी पार्सल आणलं आणि तुझ्या खुंटीला टांगलं. संध्याकाळपर्यंत तिथेच होतं. मग गाईला घातलं.

सर कुठे उभे होते ते मला कळलं. तू कुठे उभी होतीस तेही कळलं. चेहरा दिसत नव्हता, मान्य. मी उजवीकडे बघत होते आणि तू डावीकडून आलीस, तेही मान्य. पण शटर तर तुला दिसलं ना? ते अर्ध्यावर का अडकतं, हे सगळ्या बाजारात दोघींनाच माहीत होतं. एक आत बसली होती. दुसरी तू. मग तू वाकून दुसऱ्या टोकाला हात का लावला नाहीस? "हं" एवढंच म्हणायचं होतं.

मला याचं उत्तर पाहिजे. कोणाच्या गोष्टीतून नको, चिठ्ठी नको, निरोप नको. दुकान त्याच जागी आहे. पायऱ्या चढून ये आणि माझ्या तोंडावर सांग.